अमेरिकेत अर्धवेळ नोकरी, घर मात्र कॅनडात : ‘टीएन’चे नियम काय सांगतात?

कॅनडातील विंडसर आणि अमेरिकेतील डेट्रॉइट या दोन शहरांमधून केवळ एक नदी वाहते. १९२९ साली खुला झालेला अ‍ॅम्बॅसडर पूल आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेला भुयारी मार्ग यांवरून रोज हजारो माणसे सीमा ओलांडतात. विंडसरमध्ये राहून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकाही त्यांत असतात. कोणी पूर्णवेळ काम करते, तर कोणी आठवड्यातून दोन-तीन पाळ्या.

गोवा आणि महाराष्ट्रातून गेलेली अनेक कुटुंबे टोरोंटो व मिसिसागा परिसरात स्थिरावली आहेत. शेजारच्या देशात आठवड्यातून दोनच दिवस काम करायचे असेल, तर त्यासाठीही परवानगी लागते का, हा प्रश्न त्यांच्याही घरात निघतो. उत्तर असे, की परवानगी लागतेच. पण तास कमी आहेत म्हणून ती नाकारली जात नाही. अडचण येते ती पारपत्र, व्यवसाय आणि नियोक्त्याचे पत्र या तीन गोष्टींत.

करारातून आलेली सवलत

१ जानेवारी १९९४ रोजी लागू झालेल्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारातून ‘टीएन’ हा दर्जा आला. १ जुलै २०२० पासून त्या कराराची जागा अमेरिका-मेक्सिको-कॅनडा कराराने घेतली. ही सवलत मात्र कायम राहिली. ‘एच-१बी’साठी वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार अशी मर्यादा असते व निवड सोडतीने होते. ‘टीएन’ला कॅनडाच्या नागरिकांसाठी अशी मर्यादा नाही आणि सोडतही नाही. त्यांना वाणिज्य दूतावासात जाऊन व्हिसा घ्यावा लागत नाही. सीमेवरील नाक्यावर किंवा टोरोंटोसारख्या विमानतळावरील अमेरिकी तपासणी कक्षात कागदपत्रे सादर करता येतात आणि निर्णय बहुधा तेथेच होतो. एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांची परवानगी मिळते व ती पुन्हा घेता येते.

पीआर पुरेसे नाही

सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. ही सवलत केवळ कॅनडा व मेक्सिकोच्या नागरिकांसाठी आहे. कॅनडात दहा वर्षे राहिलेला, पण भारतीय पारपत्र बाळगणारा कायम रहिवासी, म्हणजे पीआरधारक, तिला पात्र नाही. पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवून पुढे कॅनडात गेलेल्या गोमंतकीयालाही ते नागरिकत्व येथे उपयोगी पडत नाही. त्याच्याकडे कॅनडाचेच नागरिकत्व हवे.

जन्म कोठे झाला, याला मात्र ‘टीएन’मध्ये महत्त्व नाही. म्हापशात किंवा बेळगावात जन्मलेली व्यक्ती कॅनडाची नागरिक झाली, की पात्र ठरते. ग्रीन कार्डची रांग याउलट जन्मदेशानुसार लागते. तथापि भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, हा विचार आधी करावा लागतो.

व्यवसाय यादीत हवा

करारात साठाहून अधिक व्यवसायांची यादी आहे. अभियंता, लेखापाल, वास्तुविशारद, औषधनिर्माता, नोंदणीकृत परिचारिका, महाविद्यालयीन अध्यापक, संगणक प्रणाली विश्लेषक असे व्यवसाय तिच्यात येतात. संगणक प्रोग्रामर हा स्वतंत्र व्यवसाय यादीत नाही. डॉक्टरांना ही वाट प्रामुख्याने अध्यापन व संशोधनासाठी खुली आहे; नियमित रुग्णसेवेसाठी नाही. परिचारिकांना आरोग्यसेवकांसाठीचे पात्रता प्रमाणपत्र आणि ज्या राज्यात काम करायचे, तेथील परवानाही लागतो. पदवी भारतीय विद्यापीठाची असेल, तर तिचे समकक्षता मूल्यांकन सोबत ठेवावे.

अर्धवेळ कामाचे पत्र

नियोक्त्याच्या पत्रात व्यवसाय, रोजच्या कामाचे स्वरूप, अपेक्षित कालावधी, शैक्षणिक पात्रता आणि मोबदला यांचा स्पष्ट उल्लेख लागतो. काम अर्धवेळ असल्यास आठवड्याचे तासही लिहावेत, म्हणजे मोबदल्याचा आकडा पाहून अधिकाऱ्याला शंका येत नाही.

एक उदाहरण घेऊ. टोरोंटोत राहणारा प्रणाली विश्लेषक बफेलोतील एका कंपनीत आठवड्यातून दोन दिवस काम करतो. उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस रॉचेस्टरमधील दुसऱ्या कंपनीला देण्याचे त्याने ठरवले, तर पहिल्या परवानगीवर ते चालत नाही. परवानगी नियोक्त्याशी बांधलेली असते. दुसरी नोकरी घेता येते, परंतु तिच्यासाठी स्वतंत्र मंजुरी काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते. या दर्जावर अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय थाटता येत नाही. मात्र त्याने टोरोंटोतील घरी बसूनच अमेरिकी कंपनीचे काम केले, तर ‘टीएन’ची गरज पडत नाही, कारण ही परवानगी अमेरिकेच्या भूमीवर केलेल्या कामासाठी असते.

कुटुंब आणि कर

पती वा पत्नी आणि मुलांना ‘टीडी’ दर्जावर अमेरिकेत राहता व शिकता येते. नोकरी करता येत नाही. रोज घरी परतणाऱ्यांच्या कुटुंबाला त्याची गरजच नसते. अमेरिकेत राबून मिळवलेल्या वेतनाचा हिशेब सामान्यतः दोन्ही देशांत द्यावा लागतो. दोन्ही देशांतील करारामुळे तेथे भरलेल्या कराची वजावट कॅनडात मिळते. विवरणपत्र भरणे मात्र टळत नाही.

‘टीएन’ हा तात्पुरता दर्जा आहे. अमेरिकेत कायम वास्तव्याचा हेतू दिसला, तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मंजुरीविना काम करणे वा चुकीची माहिती देणे याहून गंभीर ठरते. अशा प्रकरणी प्रवेशबंदीही ओढवू शकते. कराराच्या पहिल्या संयुक्त आढाव्यासाठी १ जुलै २०२६ ही तारीख करारातच ठरवलेली आहे, त्यामुळे अर्जाच्या वेळी लागू असलेला नियम अधिकृत संकेतस्थळावर पडताळावा. आठवड्यातून एकच पाळी करायची असली, तरी कागदपत्रे पूर्णवेळ नोकरीइतकीच चोख लागतात. नोकरीचा होकार देण्यापूर्वीच ती तयार ठेवणे श्रेयस्कर.