पहिल्या रिमांडला वकील कुठे होता?

पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असे मॅजिस्ट्रेटसाहेब आरोपीला विचारतात. आरोपी मान हलवतो, किंवा तोंडातल्या तोंडात नाही म्हणतो. कागदावर तक्रार नसल्याचे उतरते आणि पुढच्या आरोपीचा पुकारा होतो. या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण कागदावरचा तो नकार पुढे वर्षानुवर्षे त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आड येतो.

परभणीचे उदाहरण समाजबांधवांच्या डोळ्यांपुढे ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि मग पोलिस वस्त्यांत शिरले. धरपकडीत सापडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वय ३५, वडार समाजातला, वकिलीचे शिक्षण घेणारा. आधी पोलिस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी आणि १५ डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झाले. अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण त्यात आले. विधानसभेत मात्र मुख्यमंत्र्यांनी सांगितले की मॅजिस्ट्रेटने विचारले तेव्हा त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, शिवाय त्याला जुना आजार होता.

म्हणजे बघा, कोर्टात उच्चारलेला एक नकार थेट विधानसभेत पुरावा म्हणून मांडला गेला. आता ज्यांच्या ताब्यातून आलो आणि ज्यांच्या ताब्यात परत जायचे, ते पोलिस शेजारी उभे असताना कोणता पोरगा तोंड उघडील? कायद्याचा विद्यार्थी असला तरी तो त्या क्षणी आरोपीच असतो.

फौजदारी वकिली करणारी माणसे कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर भेटतात, तेव्हा त्यांची एक तक्रार कायम असते. आपले लोक वकिलाकडे फार उशिरा येतात. खटला उभा राहिला, आरोपपत्र आले, की मग येतात. पोराचे नशीब मात्र बरेचसे त्याआधी, पहिल्या रिमांडलाच ठरलेले असते. वस्तीतल्या पोरांच्या मागे कोर्टात जाणे-येणे मला अनेक वर्षे आहे आणि ही तक्रार खरी आहे.

होते काय, की पोराला उचलून नेल्याची बातमी कळली की आई आधी नगरसेवकाच्या दारात जाते. तो म्हणतो, बघतो. मग कोणी ओळखीचा हवालदार सांगतो, साहेबांशी बोलतो. मग एक मिटवून देणारा भेटतो. हा मिटवून देणारा प्रत्येक पोलिस ठाण्याच्या बाहेर असतोच. विड्या वळणारी बाई हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवते, तिच्या कानातले गहाण पडते आणि ते पैसे त्याच्या खिशात जातात. तोवर दुसऱ्या दिवशी पोराला कोर्टात उभे केलेले असते, पोलिसांनी सात दिवस मागितलेले असतात, चार मिळालेले असतात आणि पोराच्या बाजूने कोणी एक शब्दही बोललेले नसते.

वकील तिथे असता तर काय केले असते? पहिली गोष्ट, अटकेची वेळ विचारली असती. पोलिस रात्री दोनला घरून नेतात आणि अटक दुसऱ्या दिवशी दुपारची दाखवतात. कायदा म्हणतो, अटक केल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करा. मग ते मधले बारा तास कुठे गेले? तिथे घरच्यांनी टिपलेली वेळ कामाला येते. म्हणून माता-भगिनींना माझे सांगणे आहे की दार वाजले की आधी घड्याळ बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याच वेळी एखाद्या नातेवाइकाला फोन करा, म्हणजे फोनमध्ये वेळ राहते.

दुसरी गोष्ट, पोलिस कोठडी कशासाठी हवी, असे विचारले असते. साथीदार शोधायचे आहेत, हत्यार जप्त करायचे आहे, ही वाक्ये बहुतेक रिमांड अर्जांत तीच असतात. हत्यार आधीच जप्त झाले असेल तर पुन्हा कोणते शोधणार? वकील हे विचारतो तेव्हा कधी दिवस कमी मिळतात, कधी सरळ न्यायालयीन कोठडी मिळते. आपल्याकडे याला पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. पीसीआर म्हणजे पोलिसांच्या हातात, एमसीआर म्हणजे तुरुंगात. एमसीआर मिळाला की जामिनाचा अर्ज करायला वाट मोकळी होते. अर्थात तुरुंगात गेला म्हणजे धोका टळला असे नाही. सोमनाथचा मृत्यू न्यायालयीन कोठडीतला होता.

तिसरी गोष्ट वैद्यकीय तपासणीची. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालाबद्दल शीला बारसे या पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. त्यावर १९८३ साली निकाल झाला, आणि मॅजिस्ट्रेटने आरोपीला मारहाणीबद्दल विचारावे, वैद्यकीय तपासणीचा त्याचा हक्क त्याला सांगावा, असे त्यात आले. तो दोन मिनिटांचा प्रश्न इथून आलेला आहे. वकील आधी पाच मिनिटे आरोपीशी बोलला, सदरा वर करून पाठ बघितली, तर त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळते. आरोपी गप्प राहिला तरी वकील साहेबांपुढे सांगू शकतो आणि ते नोंदवून घ्या म्हणू शकतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी नवे कायदे आले, तेव्हापासून ही पहिली हजेरी जास्तच महत्त्वाची झाली आहे. पूर्वी पोलिस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची, ते दिवस गेले की आरोपी पोलिसांच्या हातातून सुटायचा. आता पंधरा दिवस तेच, पण ते तुकड्या-तुकड्यांनी, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येतात. तुरुंगात गेलेला पोरगा पुन्हा पोलिस कोठडीत येऊ शकतो. तुरुंगात तोंड उघडायलाही तो भिईल, हे वेगळे सांगायला नको. याच कायद्यात झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, ते मात्र आपल्या फायद्याचे आहे. आमच्यासारख्या कारकुनांना पंच म्हणून बोलावतात. तेव्हा चित्रीकरण चालू आहे का हे बघावे, पंचनामा वाचावा, आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही करू नये.

आता एक अडचणीचा प्रश्न. आपल्या समाजातच पुष्कळ जण म्हणतात, आरोपीचा वकील म्हणजे गुन्हेगाराचा वकील. आपण तर बहुतेक वेळा फिर्यादी असतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात समोरच्याचा वकील आपल्या बाईची उलटतपासणी घेतो तेव्हा रक्त उसळते. मग आरोपीच्या हक्कांची भाषा आपण का करावी?

त्यांच्यासाठी नाशिकचा एक खटला सांगतो. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका पेरूच्या बागेतल्या झोपडीत दरोडा पडला, एका गरीब कुटुंबातले पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहाही जणांना पुन्हा दिली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर ठरले. शेवटी फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेतून वाचलेल्या बाईने दोन दिवसांतच पोलिसांच्या फोटोंच्या वहीतून वेगळीच चार माणसे ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले.

सोळा वर्षांनी पाच लाख. आणि ज्या बाईचे घर उद्ध्वस्त झाले तिच्या पदरात काय पडले? चुकीच्या माणसांना शिक्षा झाली आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले. खालच्या कोर्टात, अगदी सुरुवातीला, त्या फोटोंच्या वहीचा प्रश्न कोणी नेटाने लावून धरला असता तर फिर्यादीचेही भले झाले असते.

भटक्या-विमुक्तांवरचा संशय कुठून आला हे सोलापूरकरांना सांगायला नको. आपल्याच गावात सेटलमेंट होती. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, हजेरी लावली, गिरण्यांत राबवले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. तारा गेल्या, वस्तीचे नाव राहिले आणि काही साहेबांच्या डोक्यातली हजेरीही राहिली. चोरी कुठेही झाली तरी जीप आधी कुठे वळते, ते आपण पाहतोच. याच गावात १९३० साली मार्शल लॉ लागला, आणि दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली. आज त्या चौघांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो. सरकारी दप्तरात ते खुनाचे आरोपीच होते.

आणि बाबासाहेब? १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींना शिक्षा झाली, तेव्हा अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहून त्यांना सोडवणारे बॅरिस्टर बाबासाहेबच होते. पुढे घटना समितीत, अटकेचे कारण सांगावे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, हे कलम सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतः मांडले. आजचे कलम २२ ते हेच. आरोपीचा वकील हा संविधानाने नेमलेला माणूस आहे, असे मी तरी मानतो.

याच कलमावर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण लेखी कागद रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडला पाहिजे. तसे झाले नाही तर अटक बेकायदा. आपले तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई त्या खंडपीठात होते. गंमत अशी की हा हक्क आला तो वरळीच्या २०२४ मधल्या मोटार अपघाताच्या खटल्यातून. त्यात कोळीवाड्यातल्या एका कष्टकरी बाईचा जीव गेला आणि आरोपी होता राजकीय पुढाऱ्याचा मुलगा. श्रीमंताला वकील परवडतो, तो वरपर्यंत भांडतो आणि त्याने भांडून मिळवलेला नियम मिलिंदनगरच्या पोराच्याही कामाचा ठरतो. मनाला पटत नाही, पण उपयोग करून घ्यायला हरकत नाही. आपल्या पोराचा कागद मराठीत मिळाला का आणि किती वाजता मिळाला, हे विचारा.

परभणीच्या प्रकरणातही वकिलीनेच दार उघडले. सोमनाथच्या आईसाठी अ‍ॅड. बाळासाहेब आंबेडकर औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. कोठडीत मृत्यू झाला की मॅजिस्ट्रेटची चौकशी होते हे कायद्यात आहे, पण चौकशी झाल्यावर पुढे काय करायचे, हे कायद्यात लिहिलेले नाही. अहवाल येतो आणि कपाटात जातो. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने आईच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले, ३० जुलैला तिथेही आदेश कायम राहिला. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला त्या माऊलीला सात महिने लागले.

पैशाची अडचण सगळे सांगतात. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जातीच्या दाखल्याची अडचण आली तरी कोठडीत असणे पुरेसे आहे. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. आता आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ नेमलेले वकीलही पुष्कळ जिल्ह्यांत आहेत. फुकटचा वकील काय कामाचा, असे लोक म्हणतात. काही जण ढिले असतात हे मी नाकारत नाही, पण पहिल्या रिमांडला कोणीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. खटला चालेल तेव्हा वकील बदलता येतो.

मारहाण झाली असेल तर पोलिस ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवा, असा लेखी अर्ज लगेच द्यावा. २०२० च्या निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण १८ महिने ठेवायचे आहे. कॅमेरा बंद होता असे उत्तर आले, तर तेही लेखी मागावे.

आमच्या वस्तीत विहाराच्या फळ्यावर आता १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर आणि दोन वकिलांचे नंबर लिहिले आहेत. परवाच्या बैठकीत एका ताईंनी विचारले, शनिवारी रात्री नेले तर सोमवारपर्यंत काय करायचे? ताई, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही रिमांडचे काम एका मॅजिस्ट्रेटकडे असते, पाळी लावलेली असते. पोराला रविवारीच हजर करावे लागेल. कुठल्या कोर्टात आणि किती वाजता, हे ठाण्यात विचारून वकिलाला रात्रीच कळवायचे, आणि घरातल्या एकाने सकाळी वेळेआधी तिथे जाऊन थांबायचे. जाताना पोराचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायचा, वय अठराच्या आत असेल तर तो आधी लागतो.