मंत्र्याचा पगार, वर्षाला दोन रुपये

1924 च्या मार्चमध्ये नागपूरच्या प्रांतिक कौन्सिलने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. बहुमत कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करणाऱ्या स्वराज्य पक्षाचे होते, तिथले पुढारी डॉ. मुंजे. इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाला वेसण घातली ती याच, पैसा अडवण्याच्या, उपायाने.

तिथली रीत अशी. लढाईला पैसा हवा आणि नव्या कराला पार्लमेंटची संमती हवी. पार्लमेंट म्हणे, आधी आमची गाऱ्हाणी ऐका. पहिल्या चार्ल्सने 1629 पासून अकरा वर्षे पार्लमेंट भरवलेच नाही. जहाजांच्या नावाने पट्टी वसूल करून दिवस काढले. पण स्कॉटलंडशी युद्ध जुंपले आणि 1640 मध्ये त्याला ते बोलवावेच लागले. पुढे यादवी झाली, राजाचा शिरच्छेद झाला. 1689 च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटला वगळून कर घेणे बेकायदा ठरवले. राजाला दुसरी थैली उरली नाही, यातच सगळे मर्म.

नागपुरात ती दुसरी थैली कायद्यानेच शिवून ठेवली होती. 1919 च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्य, शेती ही 'सोपीव' खाती मंत्र्यांना दिली. पोलीस, जमीनमहसूल ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. राखीव खात्याची मागणी कौन्सिलने फेटाळली, तर 'हा खर्च आवश्यक आहे' असे लिहून गव्हर्नर ती पुन्हा मंजूर करी. सोपीव खात्यांना मात्र निकडीपुरताच पैसा देता येई. त्यामुळे कौन्सिलने पगाराबरोबर अंदाजपत्रकही नाकारल्यावर मंत्री गेले, त्यांची खाती गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हाती आली, आणि पोलिसांचा खर्च चालूच राहिला. शाळा-दवाखान्यांच्या वाढीला खीळ बसण्याची पाळी आली. हे मला फार क्रूर वाटते.

याच कौन्सिलात प्रतिनिधी पाठवणाऱ्या वऱ्हाडचे त्रांगडे आणखी वेगळे. कागदोपत्री मुलूख निजामाचा. 1853 च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1902 मध्ये वर्षाला 25 लाखांवर कायमच्या पट्ट्याने राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानचा तो भागच नव्हे, म्हणून अमरावती-अकोल्याचे लोक मत देत, उमेदवार निवडून येई, आणि मग गव्हर्नर त्याची 'नेमणूक' करी. वऱ्हाडच्या सतराही जागांची हीच गत.

राज्यकर्त्याकडे आणखी एक साधन असते, पदांचे. इंग्लंडात 1707 नंतर सरकारी पद घेणाऱ्या सभासदाला जागा सोडून पुन्हा मतदारांपुढे जावे लागे. इथे तशी अट नव्हती. कार्यकारी मंडळाचा सभासद कौन्सिलात पदसिद्धच बसे. 1925 च्या ऑक्टोबरात अमरावतीचे वकील आणि कौन्सिलचे अध्यक्ष श्री. ब. तांबे यांनी ते पद घेतले. ते सरकारी पदे न घेणाऱ्या स्वराज्य पक्षाचेच. पक्षाचे पुढारी मोतीलाल नेहरू संतापले. पक्षातल्याच केळकर-जयकरांना मात्र पदे सोडून देण्यात शहाणपण दिसेना. 1926 च्या फेब्रुवारीत हे 'प्रतियोगी सहकारवादी', म्हणजे सरकार देईल तसा प्रतिसाद देत सहकार करू म्हणणारे, आपला वेगळा पक्ष उभा करायला जमले, ते अकोल्यात.