तबकडीवरचा स्वार आणि त्याचा सभाकंप

चार माणसांपुढें उभें राहून दोन शब्द बोलावयाचे म्हटलें कीं भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. घरांत तासन् तास वाद घालणारा गृहस्थ एखाद्या मंगलकार्यांत आभार मानण्यास उभा राहिला कीं त्याला ऐन वेळीं स्वतःच्या व्याह्यांचें नांव आठवत नाहीं. ह्या विकाराला आपल्या भाषेंत सभाकंप असें समर्पक नांव आहे. वक्ते, कीर्तनकार, गवई आणि नट ह्या सर्वांची त्याच्याशीं जुनी ओळख. परंतु ज्याला तोंडानें एक अक्षरहि बोलावें लागत नाहीं कीं गळ्यांतून एक सूरहि काढावा लागत नाहीं, अशा मनुष्यालाहि हा कंप गांठतो असें सांगितलें तर आमच्या पुष्कळ वाचकांना नवल वाटेल. हा मनुष्य म्हणजे लग्नांत व उत्सवांत गाणीं वाजविणारा 'डी. जे.' होय.

त्याचें काम पाहावयाचें असेल तर लग्नसराईंत पनवेलीस जावें. १८५२ सालापासून नगरपालिका असलेलें हें गांव १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिकेचें शहर झालें आहे. आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके ह्यांचें जन्मस्थान शिरढोण येथून जवळच, आणि त्यांच्या नांवाचें प्रशस्त नाट्यगृहहि शहरांत आहे. तथापि तरुण वादकाची खरी कसोटी नाट्यगृहांत होत नाहीं. ती होते आसपासच्या आगरी-कोळी वस्तींतील हळदीच्या मांडवांत. लग्नापूर्वींची ही हळद म्हणजे साऱ्या गांवाचा सोहळा. आजीपासून नातवापर्यंत सर्वजण नाचावयास उतरतात. जेथें पूर्वीं बेंजोचा ताफा वाजे, तेथें आतां पुष्कळ ठिकाणीं डी. जे.चे कर्णे उभे राहतात, आणि त्यांच्या मागें मिसरूड फुटलेला एखादा मुलगा शेंकडों माणसांच्या आनंदाची जबाबदारी शिरावर घेऊन उभा असतो.

"त्यांत कसली आली आहे जबाबदारी? कळ दाबली कीं गाणें वाजतें!" असें घरांतील वडील मंडळी म्हणतील. हा समज कितपत खरा आहे तें आपण पाहूं.

हें काम असतें तरी काय?

डी. जे. हीं 'डिस्क जॉकी' ह्या शब्दांचीं आद्याक्षरें. डिस्क म्हणजे ग्रामोफोनची तबकडी व जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. रेडिओवर तबकड्या लावणाऱ्या अमेरिकन निवेदकांना हें नांव प्रथम मिळालें. आतां तबकडी बहुतेक गेली. गाणीं लॅपटॉपमध्यें किंवा बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्यें मावतात. काम मात्र तेंच राहिलें आहे.

डी. जे.पुढें दोन यंत्रें आणि त्यांच्या मध्यें 'मिक्सर' असतो. लोकांना एका यंत्रावरचें गाणें ऐकूं येत असतां हा दुसऱ्या यंत्रावरचें, अद्याप कोणीहि न ऐकलेलें, पुढचें गाणें हेडफोनमधून ऐकत असतो. पहिल्याची गति मिनिटाला १२० ठेके आणि दुसऱ्याची १२६ असेल तर दुसरें मंद करून जुळवून घ्यावें लागतें. नुसती गति जुळून भागत नाहीं. सम समेवर पडावी लागते. मग जुन्या गाण्याचा खर्ज उतरवीत नव्याचा चढवावयाचा, कारण दोन खर्ज एकत्र आले कीं आवाज गढूळ होतो. हें सर्व अशा बेतानें व्हावें कीं नाचणाऱ्याचें पाऊल अडखळूं नये. चार तासांच्या कार्यक्रमांत चार-चार मिनिटांचीं गाणीं धरलीं तरी असे साठेक सांधे येतात. एकोणसाठ साधले तर कोणी शाबासकी देत नाहीं. साठावा चुकला तर सर्वांच्या माना वळतात.

आजचीं यंत्रें ठेके स्वतः मोजतात व गति आपोआप जुळवितात, हें खरें. परंतु तीं कधीं ७० च्या जागीं १४० मोजून मोकळीं होतात. त्यांतून जुन्या कोळीगीतांत वाजविणारे हात माणसांचे. रंग भरला कीं ठेका किंचित् वाढे, ओसरला कीं उतरे. अशा गाण्याला यंत्राची मोजपट्टी लागूं पडत नाहीं. तेथें कानच लागतो.

भीति येते कोठून?

गवई चुकला तर तबलजी त्याला सांवरून घेतो. नट वाक्य विसरला तर पडद्याआडून आठवण करून देतां येते. डी. जे. मात्र एकटा असतो, आणि त्याची चूक बहुधा निःशब्दतेच्या रूपानें प्रकट होते. कर्कश गोंगाट चालला असतां एकाएकीं पसरलेली पांच सेकंदांची शांतता त्याला पांच मिनिटांएवढी वाटते.

भय वाटलें कीं शरीरांत अॅड्रिनलिन नांवाचा द्रव रक्तांत मिसळतो. छाती धडधडते, श्वास वरचेवर होतो, बोटें गार पडून कांपूं लागतात. धांवून जीव वांचविण्यास ही तयारी उत्तम. परंतु वाटाण्याएवढी खुंटी केसभर फिरविण्यास ती अगदींच गैरसोयीची. शिवाय घाबरलेल्याला वेळेचें भान राहत नाहीं. लोक कंटाळले असावेत असें वाटून नवखा मनुष्य रंगांत आलेलें गाणें अर्ध्यावर तोडतो आणि स्वतःच्या हातानें रंगाचा बेरंग करतो.

तथापि भीति अगदींच वाईट असें नव्हे. यर्क्स व डॉडसन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९०८ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असें दाखविलें कीं अवघड काम शिकतांना उत्तेजना फार कमी असली तरी नुकसान आणि फार अधिक असली तरीहि नुकसान. मध्यम उत्तेजनेंत काम चांगलें होतें. ज्याचे हात मुळींच कांपत नाहींत त्याला पुष्कळदां कामाची पर्वाच नसते.

फजितीचे प्रकार

ह्या धंद्यांतील फजित्यांची यादी मोठी आहे. सर्वांत जुनी म्हणजे चुकीच्या यंत्राची कळ दाबणें: थांबवावयाचें असतें हेडफोनमधील गाणें, आणि थांबतें लोकांना ऐकूं येणारें. दुसरी, दोन ठेके न जुळतां एकमेकांवर आदळणें. जणू दोन तबलजी एकाच वेळीं दोन निरनिराळे ताल वाजवीत आहेत! तबकड्यांच्या काळीं नाचणाऱ्यांच्या पावलांनीं जमीन हादरून सुई उडत असे. आतां त्याच हादऱ्यानें एखादी सैल तार निसटते. मोबाइलवरून गाणें लावलेलें असतां मध्येंच कोणाचा तरी दूरध्वनि येतो व त्याची घंटी कर्ण्यांतून साऱ्या गांवाला ऐकूं जाते. नवऱ्या मुलाचा मामा ध्वनिक्षेपक हातीं घेऊन कर्ण्यापुढें उभा राहतो आणि कानठळ्या बसविणारी किंकाळी उठते; कर्ण्याचा आवाज ध्वनिक्षेपकांत शिरून पुन्हा कर्ण्यांतून वाढून बाहेर पडतो, त्याचा हा परिणाम. जनित्र बंद पडलें तर सारेंच शांत.

ह्यांतून मोठे मोठेहि सुटलेले नाहींत. १३ एप्रिल २०२४ रोजीं कॅलिफोर्नियांतील कोचेला महोत्सवांत ग्राइम्स ह्या प्रसिद्ध कॅनेडियन गायिकेनें डी. जे. म्हणून कार्यक्रम केला. गाण्यांची मांडणी ह्या वेळीं तिनें दुसऱ्यांवर सोंपविली होती. यंत्रावर गाण्यांची गति दुप्पट दिसूं लागली, सांधे जुळेनात, आणि अखेर ती हजारों लोकांपुढें वैतागून किंचाळली. मागाहून तिनें जाहीर क्षमा मागितली आणि पुढें असल्या गोष्टी स्वतः पाहीन असें कबूल केलें. पुढच्याच आठवड्यांत त्याच महोत्सवांत ती पुन्हा उभी राहिली. पहिल्या प्रसंगाचा बोभाटा जगभर झाला. आमच्या मतें अधिक मोलाचा तो दुसरा.

उलट एका लहानशा अडथळ्यांतून कलाच जन्मास आल्याचें उदाहरणहि आहे. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत थिओडोर लिव्हिंग्स्टन नांवाचा मुलगा मोठ्यानें गाणीं वाजवीत असतां आई दारांत येऊन रागावूं लागली. तिचें बोलणें ऐकण्यासाठीं त्यानें फिरती तबकडी हातानें धरून ठेवली. ती मागेंपुढें सरकतांना खरखर असा तालबद्ध आवाज झाला. त्यानें तो आवाज सरावानें कह्यांत आणला, आणि 'स्क्रॅच' ह्या नांवानें तो पुढें साऱ्या जगांत गेला. आयांनीं रागें भरण्याचें असेंहि फळ निघूं शकतें!

उपाय

पहिला उपाय तयारीचा. गाणीं स्वतः निवडावींत, स्वतः ऐकावींत, आणि त्यांची गति स्वतः तपासावी. गाण्यांचा संच दोन पेन ड्राइव्हवर ठेवावा. जुनीं यंत्रें प्रत्येक प्रकारचा पेन ड्राइव्ह वाचीत नाहींत, म्हणून तो आधींच लावून पाहावा. मोबाइलची घंटी व लॅपटॉपच्या सूचना बंद ठेवाव्यात. पाहुणे येण्यापूर्वीं तासभर जाऊन प्रत्येक तार हलवून पाहावी. आरंभींचीं तीन गाणीं ठरलेलीं व घोटलेलीं असावींत, कारण कंप सर्वांत अधिक असतो तो पहिल्या दहा मिनिटांत.

दुसरा उपाय मनाचा. "मी शांत आहें" अशी स्वतःची समजूत घालण्याचा फारसा उपयोग होत नाहीं. हार्वर्ड येथील अॅलिसन वुड ब्रुक्स ह्या विदुषीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्यापूर्वीं "मला हुरूप आला आहे" असें म्हणणारांचें गाणें "मी घाबरलों आहें" असें म्हणणारांपेक्षां अधिक बिनचूक उतरलें. धडधड तीच, नांव बदललें कीं ती उपयोगी पडते.

तिसरा उपाय चूक झाल्यानंतरचा. गिलोविच आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांना लाज वाटेल असें चित्र असलेला सदरा घालून इतरांच्या खोलींत पाठविलें. निम्म्याजवळपास लोकांनीं तें चित्र पाहिलें असावें असें त्यांना वाटलें. प्रत्यक्षांत सुमारें चौथाईनेंच पाहिलें होतें. तेव्हां सांधा चुकला तर कपाळाला हात लावूं नये. खर्ज उतरवावा, एक गाणें स्वच्छ बंद करावें, दुसरें पुढें आणावें, आणि चेहरा प्रसन्न ठेवावा. नाचणाऱ्यांना बहुधा पत्ताहि लागत नाहीं.

धैर्याचा थोर आदर्श पाहावयाचा तर तो आपल्याच रंगभूमीवर आहे. १२ मार्च १९११ रोजीं 'मानापमान' नाटकाचा मुंबईंत पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. तरीहि ते रंगभूमीवर उभे राहिले. निसटलेल्या तारेची आणि ह्या दुःखाची तुलना करणें योग्य नव्हे. परंतु प्रेक्षकांना दिलेला शब्द म्हणजे काय, हें तरुण कलावंतानें त्यावरून समजून घ्यावें.

रात्रीचे दहा

आतां एका अधिक गंभीर प्रसंगाविषयीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्या जागीं कर्णे लावण्यास मनाई आहे. सरकारनें ठरविलेल्या कांहीं सणांच्या दिवशीं तेवढी बारापर्यंत सवलत मिळते. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ह्या बंधनाला आपल्या निर्णयानें बळकटी दिली. हळदीचा रंग चढावयाचा तोच नेमके दहा वाजतात. यजमान म्हणतो "आणखी एकच!", मित्र आग्रह करतात, कोणी मद्याच्या भरांत अंगावर येतो. आणि पोलीस आले तर यंत्रें जप्त होण्याचा धोका डी. जे.चा. तीं यंत्रें पुष्कळदां कर्जाऊ घेतलेलीं असतात. एका रात्रीच्या भिडेनें सारा हंगाम बुडूं शकतो. सांधा चुकण्याच्या भीतीपेक्षां ही "नाहीं" म्हणण्याची भीति मोठी आहे. तिच्यावर उपाय एकच: थांबण्याची वेळ विसार घेतांनाच यजमानाशीं ठरवून लिहून घ्यावी, आणि पावणेदहाला शेवटच्या गाण्याची सूचना द्यावी.

कानांचाहि विचार हवा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसण्याजोगा मानतात. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पाव तास उरते. पाहुणे एक रात्र येतात; हा मुलगा हंगामभर कर्ण्याशेजारीं उभा असतो. त्यानें कानांत बोळे घालण्यास लाजूं नये, आणि घरच्यांनीं ते घालावयास लावावे.

आपल्यापैकीं कित्येक घरांतील मुलें आतां ह्या मार्गाला लागलीं आहेत. कृणाल घोरपडे ऊर्फ क्रेटेक्स ह्या मराठी तरुणाचें 'तांबडी चामडी' हें गाणें २०२४ सालीं परदेशांतहि वाजलें. सर्वांनाच तसें यश येणार नाहीं. परंतु मुलगा मध्यरात्रीं घरीं परतला तर "कळ दाबून आलास?" असें विचारण्यापूर्वीं ते साठ सांधे आठवावेत. कार्य आपल्याच घरचें असेल तर आवाज मध्येंच थांबल्यावर हुर्यो करूं नये.

आगरी-कोळी समाजांत लग्नविधींच्या वेळीं धवले गाणारी धवलारीण असते. तिला वीज लागत नाहीं कीं पेन ड्राइव्ह लागत नाहीं. जनित्र बंद पडलेल्या मांडवांत तिनें एखादा धवला उचलला आणि बायकांनीं त्याला साथ दिली, तर तारा जुळेपर्यंतचा वेळ कोणाला जाणवणारहि नाहीं. आणि कर्ण्यामागच्या मुलाला श्वास घ्यावयास उसंत मिळेल.