एका चुकीच्या पेटीची गोष्ट

मुलांनो, माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर कंपासपेटीएवढी एक लोखंडी पेटी बरीच वर्षं धूळ खात पडली होती. डी.एड.ला असताना संध्याकाळी शिकवण्या घेऊन मी पैसे साठवले आणि ती विकत आणली. गिटार माझ्याकडे होतीच. ती घरी रेकॉर्ड करायची होती. दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, ‘‘रीअ‍ॅम्प बॉक्स द्या.’’ नाव कुठंतरी कानावर पडलं होतं, एवढंच! दुकानदारांनी मागितलेली वस्तू दिली. घरी येऊन गिटार जोडली, तर आवाज असा, की जणू कुणी गोधडीत शिरून वाजवतंय. चूक दुकानदाराची नव्हती, माझीच होती. मला जी वस्तू हवी होती, तिच्या बरोब्बर उलटी वस्तू मी आणली होती.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. यंदा नववीत आहे. वर्षभर खाऊचे पैसे साठवले, वाढदिवसाची पाकिटं जपून ठेवली. वडिलांनी सांगितलं, ‘‘उरलेले मी घालतो, पण एकदाच हं. पुन्हा मागायचं नाही.’’ आणि पठ्ठ्या मला विचारतो, ‘‘मामा, रीअ‍ॅम्प बॉक्स घेऊ ना?’’ माझ्या पोटात धस्स झालं! त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगतो.

आधी गिटारकडे बघू या. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली शोधलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच, बरं का! विज्ञानाच्या पुस्तकात आहे, परीक्षेपुरतं पाठ केलं असेल.

पण ही वीज फार नाजूक असते. चाळीत कुणी नळाला मोटर लावली, की शेजारच्यांच्या नळाची धार बारीक होते ना? तसंच इथं होतं. गिटारची वायर थेट माइकच्या सॉकेटमध्ये घातली, तर ते सॉकेट मोटरसारखं वीज ओढतं. साध्या मिक्सरच्या माइक सॉकेटचा अडथळा, शास्त्राच्या भाषेत संरोध, साधारण 1,500 ते 2,500 ओहम असतो. गिटारला मात्र 10 लाख ओहमच्या आसपास हवा असतो, म्हणजे सॉकेटनं वीज ओढायची नाही, नुसती चाखायची! तसं झालं नाही, तर आवाज क्षीण होतो आणि त्यातली तीक्ष्ण धार निघून जाते. तोच तो गोधडीतला आवाज.

यावरचा उपाय म्हणजे डीआय बॉक्स. डीआय म्हणजे डायरेक्ट इनपुट. साध्या, बिनविजेच्या डीआयमध्ये एक छोटं रोहित्र असतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. समजा, त्याच्या वेढ्यांचं प्रमाण 12 ला 1 आहे. मग गिटारला दिसणारा अडथळा 12 चा वर्ग, म्हणजे 144 पट होतो. करा गुणाकार! 1,500 गुणिले 144 म्हणजे 2,16,000 ओहम. कुठं दीड हजार आणि कुठं दोन लाख! गणित असं कामाला येतं.

डीआयचं दुसरं काम म्हणजे गुणगुण घालवणं. त्यातून निघणाऱ्या केबलमध्ये दोन तारा आणि वर जाळीचं वेष्टण असतं. एका तारेत सिग्नल सुलटा जातो, दुसरीत उलटा. ट्यूबलाइटची, पंख्याची खरखर मात्र दोन्हींत सारखीच शिरते. पुढच्या टोकाला एकातून दुसरं वजा केलं, की खरखर शून्य होते आणि सिग्नल राहतो. आहे की नाही गंमत?

डीआय दोन प्रकारचे असतात. साध्या, म्हणजे पॅसिव्ह डीआयला वीज लागत नाही. बेहरिंगरचा डीआय400पी किंवा रेडियलचा प्रोडीआय हे या जातीचे. अ‍ॅक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा माइकच्या केबलमधून येणारी 48 व्होल्टची वीज लागते. बेहरिंगरचा डीआय100 हा तसला. ज्या गिटारमध्ये आधीच बॅटरी आहे, तिला साधा डीआय पुरतो. बिनबॅटरीच्या गिटारला अ‍ॅक्टिव्ह जास्त मानवतो.

‘‘म्हणजे डीआय घ्यायचा?’’ भाच्यानं विचारलं. थांबा! घाई नको. घरी रेकॉर्डिंग करायला कॉम्प्युटरला जोडायचा साउंड इंटरफेस लागतोच. त्यातल्या बहुतेकांवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं लिहिलेलं बटण किंवा सॉकेट असतं. फोकसराइट स्कारलेट सोलोवर आहे, स्वस्तातल्या बेहरिंगर यूएम2वरही आहे. हे सॉकेट म्हणजे आत बसवलेला डीआयच! ते असेल, तर वेगळा डीआय घेऊन पैसे घालवू नका. वेगळा डीआय लागतो तो स्टेजवर, जिथं मिक्सर लांब असतो. कारण गिटारची साधी केबल 6 मीटरच्या फार पुढं गेली, की आवाजाची धार बोथट होऊ लागते.

आता रीअ‍ॅम्पकडे वळू. चित्रकलेच्या तासाला तुम्ही आधी पेन्सिलनं चित्र काढता आणि मग रंगवता. रंग बिघडला, तर चित्र पुन्हा काढावं लागतं. पण पेन्सिलच्या चित्राची झेरॉक्स आधीच काढून ठेवली असेल तर? कितीही वेळा रंगवा! थेट रेकॉर्ड केलेली कोरी गिटार म्हणजे ते पेन्सिलचं चित्र. ती कॉम्प्युटरमधून बाहेर काढून खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सोडायची आणि अ‍ॅम्पसमोर माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड करायची, याला रीअ‍ॅम्पिंग म्हणतात. वाजवायचं एकदाच, रंग हवे तेवढे! जो सॅट्रिआनी या गिटारवादकाचं ध्वनिमुद्रण करणारे जॉन क्युनिबर्टी यांनी 1990च्या दशकात यासाठी खास पेटी बनवली आणि तिचंच नाव या कामाला पडलं.

रीअ‍ॅम्प बॉक्स म्हणजे उलटा डीआय. इंटरफेसमधून येणारा जोरकस सिग्नल तो कमी करतो आणि अ‍ॅम्पला वाटतं, समोर गिटारच आहे. रेडियलचा प्रोआरएमपी हा साधा, बिनविजेचा रीअ‍ॅम्प बॉक्स आहे. आणि काटकसरीची एक युक्ती सांगू? रोहित्र दोन्ही दिशांनी चालतं. म्हणून घरात पॅसिव्ह डीआय असेल, तर तोच उलटा जोडून काम भागतं. मात्र उलटा जोडल्यावर तो सिग्नल कमी न करता कित्येक पटींनी वाढवतो. म्हणून इंटरफेसचा आवाज आधी शून्यावर आणा, मग हळूहळू वाढवा. अ‍ॅक्टिव्ह डीआय असा उलटा चालत नाही.

पण खरा अ‍ॅम्प आणि माइक नसेल, तर रीअ‍ॅम्प बॉक्सचा उपयोग शून्य! माझं नेमकं हेच झालं होतं. अ‍ॅम्पचे निरनिराळे आवाज हवे असतील, तर आता न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. कोऱ्या गिटारला ती कॉम्प्युटरमध्येच रंग चढवतात.

पालकहो, मुलांच्या मागणीला ‘नाही’ म्हणण्याआधी हा क्रम त्यांच्यासोबत वाचा. पहिल्यांदा घ्यायचा तो गिटारचं सॉकेट असलेला इंटरफेस. त्यानंतर तीन-चार मीटरची चांगली केबल. मग हेडफोन. बाकी सॉफ्टवेअर मोफत. इथं थांबायचं! सहा महिने मुलानं नेमानं वाजवलं, तर पुढचं बघू.

आणखी दोन गोष्टी. रेकॉर्ड करताना पट्टी लाल रंगाला लागू देऊ नका. सगळ्यात मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान असू द्या. आणि गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगची जाड अर्थिंगची पिन कधीही, अगदी कधीही काढू नका. जिवावर बेतू शकतं. त्यासाठी डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं, ते वापरा.

भाच्यानं काय केलं? इंटरफेस, केबल आणि हेडफोन घेतले. पैसे पुरून उरले, ते त्यानं वडिलांना परत दिले. वडील काही बोलले नाहीत, पण ताईचा फोन आला, ‘‘अरे, रात्री हेडफोन लावून वाजवतो. आजी शेजारी झोपलेली असते, तिला पत्ताही नसतो!’’

परवा तो एक कोरा ट्रॅक घेऊन माझ्याकडे आला. मी मित्राचा छोटा अ‍ॅम्प आणि माइक मागून आणला होता. कपाटावरची पेटी पुसली, जोडली. अ‍ॅम्पमधून त्याची गिटार घुमली आणि तो मात्र हात बांधून समोर उभा! इतक्या वर्षांनी माझी चुकीची पेटी अखेर बरोबर ठरली.

आता सांगा पाहू!

1. नीताच्या इंटरफेसवर ‘इन्स्ट’चं बटण आहे. तिला डीआय लागेल का?
2. राजूकडे अ‍ॅम्प नाही, माइक नाही. त्यानं रीअ‍ॅम्प बॉक्स घ्यावा का?
3. गॅदरिंगला मिक्सर स्टेजपासून 20 मीटरवर आहे. सलमाला काय लागेल?

उत्तरं : 1. नाही. 2. मुळीच नाही, माझ्यासारखी फजिती होईल! 3. डीआय बॉक्स.