डब्यात न मावणारं दूध

बाळाला डब्याचं दूध बाधलं की दोष पाण्याला जातो, बाटलीला जातो, आणि शेवटी आईच्या हातांना. स्वच्छता पाळली की प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. बोट्स्वानात हे गृहीतक महागात पडलं. दुधातून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून या देशाने बाधित मातांना पावडर फुकट पुरवली. आफ्रिकेच्या मानाने देश सुस्थितीतला, बहुतेकांना नळाचं पाणी. तिथे १,२०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी काय पाजायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे गरीब-श्रीमंत किंवा शिकलेली-अडाणी असा भेद दोन्ही गटांत सारखाच विखुरलेला. सात महिन्यांपर्यंत डब्यावरच्या ५.६ टक्के बाळांना एचआयव्हीची लागण झाली. अंगावर पिणाऱ्यांना प्रतिबंधक औषध देऊनही ९ टक्क्यांना. इथवर पावडर जिंकली. मृत्यूंचे आकडे मात्र उलटे निघाले : डब्यावर ९.३ टक्के, अंगावर ४.९. विषाणू टळला, पण जुलाब आणि न्यूमोनिया टळले नाहीत.

पाणीच खराब असेल, ही शंका रास्त आहे. त्याच वर्षी अतिवृष्टीनंतर तिथे जुलाबाची मोठी साथ आली होती. पण त्याच वस्तीत अंगावर पिणारी बाळंही होती आणि ती बरीचशी बचावली. आईच्या आतड्यात जो जंतू शिरतो, त्याच्याशी ओळख झालेल्या पेशी तिच्या स्तनांपर्यंत पोचतात आणि नेमक्या त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात. घरातला जंतू बदलला की दूधही बदलतं. कारखान्यात महिन्यांपूर्वी भरलेल्या डब्याला हे कसं जमावं? शिवाय आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचं खाद्य असतात. त्यांतल्या मोजक्याच आता काही पावडरींत घालतात. मूळ दुधात शंभराहून अधिक प्रकार आहेत.

काही बाळांना पावडरीवाचून गत्यंतर नसतं, आणि अशा आईला अपराधी ठरवणं हा निव्वळ दुष्टपणा. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून दुग्धपेढी आहे, पण दात्या मातांचं दूध प्रत्येक घरी पोचत नाही. म्हणून एक गोष्ट डब्यावर ठळक छापायला हवी : आतली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर हा जिवाणू सापडतो, क्वचितच, पण नवजात बाळाच्या मेंदूच्या आवरणाला त्याने सूज आली तर जिवावर बेतते. पाणी उकळून थर्मासमध्ये ठेवायचं आणि रात्री कोमट झाल्यावर त्यात पावडर ढवळायची, ही अनेक घरांतली रीत. गुठळ्या होत नाहीत, बाळालाही लगेच पाजता येतं. पण पावडरीतला जिवाणू त्या कोमट पाण्यात मजेत राहतो. तो मारायला पाणी निदान ७० अंश सेल्सिअस लागतं, म्हणजे उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आतलं. दूध निववायचं ते त्यानंतर.