आईचा संसर्ग आणि बाळाची प्रतिकारशक्ती
(लेखांक ९)

गर्भातल्या बाळाची निम्मी जनुके वडिलांकडून येतात. आईच्या शरीराच्या दृष्टीने ते अर्धे परकेच असते, तरीही नऊ महिने तिथे सुखरूप वाढते. हे कोडे पीटर मेडावार यांनी १९५३ साली नेमक्या शब्दांत मांडले. त्यावर ‘गर्भारपणात बाईची प्रतिकारशक्ती कमी होते’ असे उत्तर सर्रास दिले जाते, पण ते अपुरे आहे. गर्भ रुजताना गर्भाशयाच्या अस्तरात दाहकारक पेशींची वर्दळ असते. मधल्या महिन्यांत शरीर सहनशील होते आणि बाळंतपण जवळ आले की दाह पुन्हा वाढतो. थोडक्यात, शक्ती संपत नाही, तिचा तोल बदलतो.

हा बदललेला तोल काही विषाणूंच्या पथ्यावर पडतो. फ्लू गर्भवतीला जास्त त्रास देतो, त्यात वाढत्या गर्भाशयामुळे फुफ्फुसांवर येणारा ताणही भर घालतो. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ एरवी बहुतेक रुग्णांत आपोआप बरी होते. शेवटच्या तिमाहीत मात्र तिच्याने दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले आहे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये आलेली काविळीची मोठी साथही याच ‘ई’ प्रकारची मानली जाते; ती ‘ए’ विषाणूची नव्हती, हे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून १९८० साली स्पष्ट झाले. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांचा वाटा होता.

बाळाकडे संरक्षण पोहोचते ते वारेतून. आईच्या रक्तातील प्रतिपिंडांपैकी ‘आयजीजी’ हा एकच प्रकार वार ओलांडतो, तोही आपोआप झिरपून नव्हे. वारेच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) ते उचलून पलीकडे सोडतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालेली ही वाहतूक शेवटच्या तिमाहीत जोर धरते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईपेक्षाही जास्त सापडते, तर सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची शिदोरी अगदी तुटपुंजी असते. आईला पूर्वी झालेल्या किंवा लसीने टळलेल्या आजारांविरुद्धची ही रसद काही महिने पुरते. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात त्यामागे हेही कारण आहे. त्याआधी आईचे प्रतिपिंड लसीतल्या विषाणूलाच निकामी करू शकतात.

‘आयजीएम’ प्रतिपिंड मात्र वार ओलांडत नाहीत. म्हणून नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या विषाणूविरुद्धचे आयजीएम सापडले, तर ते बाळाने स्वतः तयार केलेले असते. याचा अर्थ संसर्ग गर्भातच पोहोचला होता.

रुबेलात हेच घडते. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली जन्मजात मोतीबिंदूची ७८ बाळे नोंदवली. बहुतेकांच्या आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. आईला जेमतेम ताप नि पुरळ, आणि बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर कायमचा घाला. अशा बाळात आईचे आयजीजी आणि स्वतःचे आयजीएम दोन्ही असूनही विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभर, घशातून आणि लघवीतून बाहेर पडत राहतो. प्रतिपिंड असतात, पण अपक्व पेशींना विषाणूचा निकाल लावता येत नाही.

‘बी’ प्रकारच्या काविळीत ही अपक्वता आयुष्यभर महागात पडते. प्रौढाला लागण झाली तर पाच टक्क्यांहून कमी जणांत ती कायमची ठाण मांडते. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांत हे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. त्या वयात शरीर विषाणूला शत्रू म्हणून ओळखण्याऐवजी खपवून घेते आणि पुढे यकृताचा सिऱ्होसिस किंवा कर्करोग उद्भवू शकतो.

आईचे प्रतिपिंड नेहमी हिताचेच ठरतात असेही नाही. डेंग्यू होऊन गेलेल्या आईचे प्रतिपिंड बाळाला सुरुवातीला वाचवतात. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास ते इतके विरळ होतात की विषाणूला निष्प्रभ करू शकत नाहीत, उलट त्याला पेशींत शिरायला मदत करतात. म्हणून या वयातल्या बाळाला पहिल्याच डेंग्यूत गंभीर आजार होऊ शकतो.

विषाणू बाळापर्यंत पोहोचलाच नाही तरी त्याची छाया पडते. एचआयव्हीबाधित आईच्या, पण स्वतः संसर्गमुक्त असलेल्या बाळांना न्यूमोनियासारखे आजार इतर बाळांपेक्षा जास्त होतात. अशा आयांकडून वारेतून मिळणारे प्रतिपिंडही कमी असतात.

यातले बरेच नुकसान टाळता येते. गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूंची असल्याने गर्भारपणात देत नाहीत. ती आधीच घेऊन निदान महिनाभर थांबावे. फ्लूची निष्क्रिय लस मात्र गर्भारपणातही घेता येते. प्रत्येक गर्भवतीने ‘बी’ काविळीची तपासणी करून घ्यावी आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत या काविळीची लस मिळाली की नाही, हे घरच्यांनी दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्यावे.