संगणक आपल्या डिस्क ओळखतो कसा?

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर नेहमीचे चित्र उमटेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात आत केवढी धावपळ चालू असते याची आपल्याला कल्पनाही नसते. ही धावपळ नीट पार पडली तर आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. पण ती मध्येच अडली की काय होते?

समजा, महाड तालुक्यातील तुडीलसारख्या एखाद्या गावात एक शाळा आहे. शाळेच्या संगणकात लिनक्स ही कार्यप्रणाली आहे आणि दोन डिस्क आहेत. एका डिस्कवर कार्यप्रणाली, तर दुसरीवर दहा वर्षांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी आणि मुलांनी केलेले प्रकल्प. आषाढातला पाऊस कोसळतो आहे. वीज जाते, येते, पुन्हा जाते. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करावा तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काही ओळी येतात आणि गाडी तिथेच थांबते. कोणी म्हणतो, "बिघडला. सगळे पुसून नव्याने भरू या."

थांबा! असे केले तर दहा वर्षांच्या नोंदी खरोखरच जातील. संगणक का थांबला हे आधी समजून घेऊ.

घर एक, खोल्या अनेक

विंडोज वापरणाऱ्यांना 'सी', 'डी' अशी डिस्कची निरनिराळी नावे ठाऊक असतात. लिनक्समध्ये मात्र सगळा साठा मिळून एकच घर असते. त्या घराच्या मुख्य दाराला 'मूळ' म्हणतात व ते एका तिरप्या रेघेने (/) दाखवितात. आत कप्पे, कप्प्यांत आणखी कप्पे आणि त्यांत फाईली.

मग दुसरी डिस्क या घरात येते कशी? आपल्याकडे जुन्या घराला नवी पडवी काढतात, तशी. घरात एक रिकामा कोनाडा ठरवायचा आणि नवी डिस्क त्याला जोडायची. त्यानंतर त्या कोनाड्याचे दार उघडले की आपण थेट नव्या डिस्कवर जातो. या जोडण्यालाच 'माउंट करणे' म्हणतात. पूर्वी मोठ्या संगणकांवर काम करणारा माणूस चुंबकीय फितीचे रीळ किंवा डिस्कची चळत उचलून यंत्रावर प्रत्यक्ष चढवीत असे. हा शब्द त्या काळापासून आला आहे.

एकच घर ठेवण्याची ही पद्धत युनिक्स या कार्यप्रणालीची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा ही पद्धत त्यानेही स्वीकारली.

सहा रकान्यांची यादी

कोणती डिस्क कोठे जोडायची हे संगणकाला रोज कोण सांगणार? त्यासाठी एक साधी, वाचता येणारी यादी मूळ डिस्कवर ठेवलेली असते. तिचे नाव 'एफएसटॅब', म्हणजे फाईलव्यवस्थांचा तक्ता. तो प्रथम १९८० साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये आला आणि आजही वापरात आहे. त्यातील प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात :

१. कोणती डिस्क (खरे म्हणजे डिस्कचा कोणता विभाग)?
२. ती कोणत्या कप्प्यावर जोडायची?
३. तिच्यावरील फाईलव्यवस्था कोणत्या जातीची?
४. कोणत्या अटींवर जोडायची? उदाहरणार्थ, केवळ वाचण्यासाठी की लिहिण्यासाठीही?
५. 'डंप' या जुन्या आज्ञेने तिची प्रत काढायची का? आता येथे बहुधा शून्य असते.
६. सुरुवातीला तिची तपासणी कितव्या क्रमाने करायची? मूळ डिस्कला १, इतरांना २ आणि तपासणी नको असेल तर ०.

आता एक कोडे पाहा. ही यादी मूळ डिस्कवर आहे. यादी वाचायची तर आधी मूळ डिस्क जोडली पाहिजे, आणि डिस्क जोडायची तर यादी पाहिजे! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, असा हा प्रकार. यातून वाट अशी काढली आहे. संगणक सुरू होताच मुख्य पाटीवरील चिपमधला कार्यक्रम जागा होतो. तो डिस्कवरील एका छोट्या 'आरंभक' कार्यक्रमाला बोलावतो. आरंभक लिनक्सचा गाभा स्मृतीत आणतो, आणि मूळ डिस्क कोणती तेही त्याला सांगतो. गाभ्यासोबत बहुधा एक तात्पुरती छोटी फाईलव्यवस्थाही स्मृतीत येते. डिस्क ओळखण्यापुरती अवजारे तिच्यात असतात. त्यांच्या साहाय्याने मूळ डिस्क जोडली जाते, सामान्यतः आधी केवळ वाचण्यासाठी. मग यादी उघडते, तपासणी होते, लिहिण्याची परवानगी मिळते आणि उरलेल्या डिस्क जोडल्या जातात.

नाव नको, क्रमांक द्या

पहिल्या रकान्यात डिस्कचे नाव काय लिहावे? लिनक्स सापडलेल्या डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे देतो. ही नावे एसटीतल्या जागांसारखी आहेत. आधी चढेल त्याला पहिली जागा. आज जी डिस्क एसडीबी आहे ती उद्या, नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावल्यावर, एसडीसी होऊ शकते. मग यादीप्रमाणे भलतीच डिस्क भलत्या ठिकाणी जोडली जाईल, किंवा एकही जोडली जाणार नाही.

एकाच नावाची अनेक गावे असतात म्हणून जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक देतात. तसाच क्रमांक प्रत्येक फाईलव्यवस्थेला ती तयार होतानाच मिळतो. त्याला 'यूयूआयडी' म्हणतात. तो १२८ बिटांचा असतो आणि ३२ चिन्हांत, पाच गटांत लिहिला जातो. डिस्क कोणत्याही खाचेत लावली तरी हा क्रमांक बदलत नाही. म्हणून यादीत नावाऐवजी क्रमांक लिहिणे शहाणपणाचे. पण डिस्क पुसून नव्याने आखली तर तिला नवा क्रमांक मिळतो, आणि यादीतली जुनी ओळ निरुपयोगी ठरते.

वीज गेली तर?

फाईल साठविताना डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जात नाही. मजकूर लिहिला जातो, तो कोठे आहे याची नोंद होते, आणि कोणत्या जागा आता मोकळ्या राहिल्या नाहीत त्याचीही नोंद होते. यांतील एक झाले आणि दुसरे व्हायच्या आत वीज गेली, तर हिशेब जुळत नाही. म्हणून पुढच्या वेळी 'एफएससीके' हा तपासनीस डिस्कच्या नोंदी ताडून पाहतो. पूर्वी त्याला सगळी डिस्क चाळावी लागे आणि मोठ्या डिस्कला फार वेळ लागे.

यावरचा उपाय आपल्या वाण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत नेतो. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द पाहून ती पुरी करता येते. लिनक्सच्या एक्स्ट-३ या फाईलव्यवस्थेत २००१ साली अशी कीर्द आली आणि २००८ पासूनच्या एक्स्ट-४ मध्येही ती आहे. वीज गेल्यावर आता सगळी डिस्क चाळण्याऐवजी बहुधा कीर्दीची शेवटची पाने पाहिली की भागते. मात्र एक लक्षात ठेवा. ही कीर्द साधारणपणे जागांच्या हिशेबाची असते, तुमच्या मजकुराची नव्हे. वीज जाण्यापूर्वीच्या काही सेकंदांत लिहिलेले हरवू शकते, कारण ते तेव्हा डिस्कवर नसून स्मृतीतच असते. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी तो रीतसर 'अनमाउंट' करायला सांगतात तो याचसाठी.

शाळेतला संगणक का थांबला?

आता आपल्या काल्पनिक शाळेकडे वळू. वीज जाता-येता घाईत कोणीतरी टेबल सरकविले आणि दुसऱ्या डिस्कची वायर सैल झाली, असे समजा. यादीत ती डिस्क आहे, पण प्रत्यक्षात दिसत नाही. आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांत अशा वेळी साधारण ९० सेकंद वाट पाहिली जाते. तरीही डिस्क आली नाही तर संगणक देखभालीच्या अवस्थेत जाऊन थांबतो. म्हणजे हा बिघाड नसून सावधगिरी आहे! पडद्यावरच्या ओळी वाचल्या तर न सापडलेल्या डिस्कचा क्रमांक त्यांतच असतो. वायर नीट बसविली की काम झाले. पुसून नव्याने भरण्याची गरजच नव्हती.

चौथ्या रकान्यात 'नोफेल' हा शब्द लिहिला तर डिस्क नसली तरी संगणक न अडता पुढे जातो. मग सगळीकडे तोच का लिहू नये? विचार करा. डिस्क जोडली गेली नाही तरी तिचा रिकामा कोनाडा घरात असतोच. गुरुजी नेहमीप्रमाणे त्या कप्प्यात नवे गुण भरतात. ते गुण प्रत्यक्षात मूळ डिस्कवर जातात. दुसऱ्या दिवशी वायर नीट बसते, दुसरी डिस्क त्याच कोनाड्यावर जोडली जाते आणि कालचे गुण दिसेनासे होतात! ते पुसले गेलेले नसतात, तर नव्या डिस्कच्या मागे झाकले गेलेले असतात. डिस्क अनमाउंट केली की ते पुन्हा दिसतील. तेव्हा अडणे चांगले की न अडणे चांगले, हे त्या डिस्कवर काय आहे त्यावरून ठरवावे लागते.

खैराटचे छोटे संगणक

आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेचा प्रयोग झाला. या योजनेच्या एक्सओ-१ या लॅपटॉपमध्येही लिनक्सच होते, पण फिरणारी डिस्क नव्हती. तिच्या जागी १ गिगाबाइटची फ्लॅश चिप होती. फ्लॅशवर तेच घर पुन्हापुन्हा पुसून लिहिले तर ते लवकर झिजते. म्हणून त्यात 'जेएफएफएस-२' नावाची वेगळी फाईलव्यवस्था वापरली होती. ती जुन्या जागी न लिहिता नवी नोंद पुढच्या मोकळ्या जागी करते, म्हणजे जणू सगळी वही कीर्दच! याची किंमत सुरुवातीला मोजावी लागते. माउंट करताना चिप चाळून, कोणती नोंद सर्वांत ताजी हे ठरवून, स्मृतीत अनुक्रमणिका तयार करावी लागते. १ गिगाबाइटला हे परवडते, पण साठा मोठा होत गेला की वेळही वाढतो. वर तिसऱ्या रकान्यात 'जात' का लिहितात, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

कीर्द पाण्यात भिजली तर?

जुलै २०२१ मध्ये सावित्रीला पूर आला आणि महाड शहरात पाणी शिरले. अशा पाण्यापुढे यादी, क्रमांक, कीर्द यांपैकी कशाचाही उपयोग नसतो. एकाच संगणकातल्या दोन डिस्क एकाच पाण्यात भिजतात. म्हणून महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत तिसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती संगणकाला कायम जोडून न ठेवता उंचावरच्या दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावी ठेवावी. पावसाळ्यापूर्वी आपण कौले शाकारतो, घरात लाकूडफाटा भरून ठेवतो. त्याच यादीत हे कामही घाला.

करून पाहा

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली एफएसटॅब नुसता उघडून वाचा आणि सहा रकाने ओळखा. बदल करावयाचा असेल तर आधी यादीची प्रत ठेवा. बदलानंतर संगणक लगेच बंद करू नका. 'माउंट' आज्ञेला 'ए' हा पर्याय देऊन यादीतील उरलेल्या डिस्क जोडून पाहा. चूक असेल तर ती तेथेच, संगणक चालू असतानाच कळेल. जोडलेल्या डिस्कवर एफएससीके मात्र चालवू नका. लिहिणे चालू असताना हिशेब तपासला तर हिशेबच बिघडतो. लिनक्सचे प्राथमिक पाठ मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठीतही केले आहेत.

आणि आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. मूळ डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिहून काही उपयोग होईल का? आणि कोनाड्यामागे झाकले गेलेले गुण दुसऱ्या डिस्कवर न्यायचे असतील तर कोणती कामे, कोणत्या क्रमाने कराल? उत्तरे वहीत लिहा आणि मग संगणकावर पडताळून पाहा.